बाईच्या विसाव्याला कारण का लागतं?

"बसलीच आहेस तर एवढ्या शेंगा सोल."

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला हे वाक्य कानावर पडतं. म्हणणारी सासू असते, कधी आई, कधी मोठी जाऊ, आणि तिच्या मनात काही वाईट नसतं. तीही जन्मभर अशीच बसत आलेली असते. समोर सूप, हातात लसूण नाहीतर वाती. त्याच वेळी बाजेवर आडव्या झालेल्या पुरुषाला 'पडलाच आहेस तर' असं कुणी म्हणत नाही. तो दमून आलाय हे सगळ्यांना दिसतं. बाई दमलीय हे दिसायला तिला निदान ताप तरी यावा लागतो.

न दिसणारं काम, त्यातून येणारा थकवा आणि त्यावरचा विसावा, या तिन्हींची सांगड इथे घालायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. घरकाम कधी संपत नाही, म्हणून 'काम संपलं की बसेन' हा हिशोब मुळात चुकतो. विसावा आधी ठरवावा लागतो. आणि तो टिकवायचा तर काही कामं लक्षात ठेवण्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्याच्या डोक्यावर द्यावी लागतात.

मोजलं तर केवढं?

केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय देशभरातल्या घरांत जाऊन माणसं आपले चोवीस तास कशात घालवतात, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत लिहून घेतं. अशी देशव्यापी पाहणी 2019 साली झाली आणि पुन्हा 2024 साली. 2024च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्त. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्याचं करणं यात धरलेलं नाही. ते ज्या बायका करतात त्यांची आणखी 137 मिनिटं, पुरुषांची 75.

पुरुषांच्या आकड्याकडे बघताना एक लक्षात ठेवायचं. तो फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे. 2019मध्ये असे पुरुष शंभरात 26 होते, बायका 81. बाकीच्या पुरुषांनी त्या दिवशी काहीच केलेलं नव्हतं. पाच वर्षांत बायकांची मिनिटं 299वरून 289वर आली, म्हणजे दहा कमी झाली. पण पुरुषांचीही 97वरून 88वर आली. बायकांचा भार पुरुषांनी उचलला म्हणून तो हलका झाला, असं या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही. 289 मिनिटं वर्षभर रोज धरली, तर आठ तासांच्या नोकरीचे सुमारे 220 दिवस भरतात. एवढं करूनही कुणी विचारलं, "काय करायलीस सध्या?" तर उत्तर येतं, "कुठं काय, घरीच आहे की."

मग हे काम कुठे हरवतं? देशाचं उत्पन्न मोजायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत घरासाठी वस्तू मिळवणं किंवा बनवणं हे उत्पादन धरतात, पण घरच्या माणसांना फुकट दिलेली सेवा धरत नाहीत. त्यामुळे विहिरीवरून पाण्याची घागर आणणं, शेतातून सरपण आणणं हे नियमाने उत्पादन ठरतं. त्याच सरपणावर पाणी तापवून सासऱ्यांना आंघोळ घालणं, भाकरी थापणं हे ठरत नाही. स्वयंपाकाला पगारी बाई लावली की तीच भाकरी लगेच हिशोबात येते.

आपल्याकडे न्यायालयांना ही अडचण अपघाताच्या दाव्यांत भेटली. घर सांभाळणारी बाई अपघातात गेली तर भरपाई कशाच्या आधारावर द्यायची, तिला पगार तर नव्हता! जानेवारी 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दाव्याच्या निकालात 2019च्या पाहणीचे हेच आकडे उद्धृत केले आणि गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं हा तिच्या कष्टांना मान देण्याचा भाग आहे, असं सांगितलं. 2011च्या जनगणनेत सुमारे 15 कोटी 98 लाख बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम म्हणून सांगितलं होतं, हेही त्या निकालात आहे. मला या निकालाचं मोल वाटतं. पण बाईच्या कामाचा हिशोब ती गेल्यावर मांडला जातो, हे वाचताना पोटात तुटतं.

डोक्यातलं काम

धुणं, भांडी, स्वयंपाक निदान डोळ्यांना दिसतात. घरकामाचा मोठा भाग डोक्यात चालतो आणि तो नोंदवायला रकानाच नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डेमिंजर यांनी 2019 साली जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत. काय लागणार हे आधी ओळखणं, ते कसं भागवता येईल याचे पर्याय शोधणं, त्यातला एक ठरवणं आणि ठरल्याप्रमाणे होतंय का यावर लक्ष ठेवणं. ठरवण्यात नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बाईच्या वाट्याला येतो, असं त्यांना दिसलं.

हे आपल्या घरातल्या दळणावर लावून बघा. नवरा म्हणतो, "दळण तर मीच आणतो." खरंच आणतो. गाडीवर डबा ठेवतो, गिरणीत देतो, संध्याकाळी घेऊन येतो, अर्ध्या तासाचं काम. आता बाकीचं बघा. पीठ दोन दिवसांत संपणार हे डब्याच्या तळाशी हात लागायच्या आधी तिच्या लक्षात आलेलं असतं. परवा नणंद चार माणसं घेऊन येणार, म्हणजे जास्त लागेल. ज्वारीचं पीठ फार दळून ठेवता येत नाही, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, म्हणजे उगाच जास्तही नको. उद्या दुपारी लाइट नसते, तेव्हा गिरणी सकाळीच गाठायला हवी. त्याआधी ज्वारी चाळून-निवडून व्हायला हवी, ती आज रात्री. सकाळी नवऱ्याला आठवण करायची, पण तीनदा केली तर 'किती मागं लागतीस' ऐकायला लागतं, म्हणून दोनदाच. पीठ आलं की बोटांत धरून बघायचं, जाड तर नाही ना. यातलं एकही काम कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. आणि दळणासारखी घरात वीस-पंचवीस कामं एकाच वेळी चालू असतात: आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बीपीच्या गोळ्या, शाळेची फी, सिलेंडर, लग्नातला आहेर, विरजण.

मराठवाड्यात यात पाण्याच्या काळजीची भर पडते. एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते देशाने पाहिलं. पण त्या वर्षी आणि त्याच्या आधी-नंतरही नळाचा वार, टँकरची वेळ, कोणत्या पिंपातलं पाणी प्यायचं आणि कोणतं वापरायचं, हे सगळं ध्यानात ठेवलं ते बायकांनी. नळाचा दिवस असेल त्या दिवशी बाई कुठे जाऊ शकत नाही. ती घरी 'नुसती' असते, पण कान नळाकडे असतात. असा तास विश्रांतीत मोजायचा का कामात? मी तो कामातच मोजेन.

डोक्यातलं काम थांबत नसलं तर पाठ टेकूनही विसावा मिळत नाही. अंग बाजेवर असतं आणि मन दुधाच्या पातेल्यापाशी. खूप बायका म्हणतात, "झोपून उठले तरी थकल्यासारखंच वाटतं." त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

साधा थकवा आणि बर्नआउट

कापूस वेचून आलेली बाई थकते, रात्री गाढ झोपते आणि सकाळी बरी होते. हा साधा थकवा. बर्नआउट म्हणजे विश्रांतीनेही न भरून निघणारी झीज. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याचं वर्णन करताना तीन खुणा दिल्या: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याचा परिणाम म्हणते आणि ही संज्ञा फक्त नोकरी-व्यवसायापुरती वापरावी असंही सांगते.

म्हणजे घरात राबणारी बाई इथूनही बाहेर राहिली. संशोधक मात्र तिथे थांबलेले नाहीत. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी आईबापांच्या बर्नआउटवर बरंच काम केलं आहे आणि त्यात याच्याशी जुळणाऱ्या खुणा सापडतात. आपल्या घरात त्या अशा दिसतात. सकाळी डोळे उघडायच्या आधीच दिवसाचा कंटाळा येतो. लेकरू शाळेतलं काही सांगत असतं, तोंड 'हं' म्हणतं आणि कानात काही शिरत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं एवढ्यावरून रडू कोसळतं. आणि सगळं घर ओढणारी बाई मनापासून म्हणते, "माझ्याच्यानं कायबी धड होईना."

इथे एक काळजी घ्यायला हवी. प्रत्येक थकव्याला बर्नआउट म्हणून मोकळं होऊ नये. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. शंभरात चौपन्न! गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया, आणि दम लागणं, चक्कर येणं, गळून जाणं ही त्याचीच लक्षणं. थायरॉइडचंही तसंच. तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावं. कशातच मन लागत नाही, झोप उडाली, जगणं नकोसं वाटतं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे वाट बघत बसायचं नाही. सरकारचा टेलि-मानस हा 14416 क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात आणि त्याचं कौतुक होतं. हे कौतुक करणं आपण सगळ्यांनी बंद केलं पाहिजे.

खाडा

बाईच्या विसाव्याची किंमत रुपयांत बघायची असेल तर बीड जिल्ह्यात बघावी. दिवाळीच्या आगेमागे इथली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती चार-सहा महिन्यांनी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना मुकादमाशी बोलणी नवरा करतो, पैसे त्याच्या हातात पडतात, आणि फेडायची दोघांनी. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या करते, फडात जाते, ऊस सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. कोपीवर परतल्यावर पाणी, चूल, लेकरं. तो अंग टाकतो तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते. या पाळीची मजुरी उचलीत कुठेच नसते.

काम बुडालं की खाडा, आणि खाड्याला दंड. मासिक पाळीत पोट दुखलं तरी खाडा. फडाजवळ ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जाण्याच्या, जंतुसंसर्गाच्या तक्रारी वाढतात आणि मग 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असा सल्ला मिळतो. 2019मध्ये हे गाजलं, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सगळ्याच शस्त्रक्रिया अनाठायी होत्या असं नाही. पण चार दिवस बसण्याची सोय नाही म्हणून शरीरातला अवयव काढण्यापर्यंत गोष्ट जाते, तिथे 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला देणाऱ्याने आधी फडावर जाऊन यावं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि मोळ्या वाहण्याचं काम तर तेच राहतं.

जुन्या सोयी आणि त्यांची अट

आपल्या रीतीभातींत बाईला विसावा नव्हताच असं नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना होता. आषाढात नव्या नवरीला माहेर होतं. पंचमीला भाऊ न्यायला यायचा आणि झोक्याचे चार दिवस मिळायचे. माझी आजी पाळीत बाहेर बसायची. त्या विटाळाने तिचा अपमान झाला, ती रीत गेली ते फार चांगलं झालं. पण तेवढेच चार दिवस चूल बंद असायची, आणि रीतीबरोबर ते दिवसही गेले. त्या जागी दुसरं काही आलं नाही.

या प्रत्येक सोयीला एक अट असायची. मूल झालं म्हणून, नवीन आहे म्हणून, सण आहे म्हणून, शिवायचं नाही म्हणून. दमली म्हणून बस, असं कुणी म्हटलं नाही. म्हणून आजही नुसतं बसलं की बाईला चोरी केल्यासारखं वाटतं. फाटक वाजलं की हात आपोआप झाडू शोधतो.

मग करायचं काय?

पहिलं, वेळ ठरवायची आणि घरात आधी सांगून ठेवायची. "अडीच ते सव्वातीन मी उठणार नाही." का, ते सांगायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो आणि उद्या कारण नसलं तर वेळही जाते. या वेळात झोपा, पडून राहा, पारावर शेजारणीशी बोला, काही करू नका. फक्त हातात निवडायचं काही घ्यायचं नाही. सुरुवातीला अपराधी वाटेल. तेव्हा आपण स्वार्थी झालो असं समजू नका. पुष्कळ वर्षांची सवय आहे, ती जायला वेळ लागणारच.

दुसरं जास्त अवघड आहे. 'जरा मदत कर' असं सांगण्याऐवजी एखादं काम समूळ देऊन टाकायचं. दळण नवऱ्याचं म्हणजे डब्यात पीठ किती हे बघण्यापासून त्याचं. त्याला आठवण करावी लागली तर काम अजून तुमच्याकडेच आहे, फक्त चालणं-फिरणं त्याचं. तो एकदा विसरेल. त्या दिवशी भाकरी होणार नाही, खिचडी करा, पण धावत जाऊन दळून आणू नका. बहुतेक घरांत प्रयोग इथे मोडतो, कारण ते बघवत नाही. बघवून घ्यायला लागतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे पाणी द्या, नळाच्या वारासकट. पोरीकडेच द्यायचं आणि पोराला सोडायचं, असं होऊ देऊ नका.

सासवांबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं. "आमी नाही का केलं?" या प्रश्नात राग कमी आणि दुखणं जास्त असतं. सून दुपारी झोपली तर आपण जन्मभर जे केलं ते गरज नसताना केलं की काय, असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांना शेजारी आडवं व्हायला सांगावं. "आत्याबाई, तुम्हीपण पडा, शेंगा संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सोलू." अशी दोन घरं मी जवळून बघितली आहेत. एका घरात आत्याबाई वैतागून बाहेर जाऊन बसल्या. दुसरीकडे त्याच आता दार लावून घेतात.

जिला वाटून घ्यायला घरात कुणी नाही, तिला हे सगळं निरुपयोगी आहे, हे मला कळतं. नवऱ्यामागे शेत आणि लेकरं एकटीने ओढणाऱ्या बायका मराठवाड्यात गावोगाव आहेत. अर्थतज्ज्ञ डायन एल्सन यांनी सांगितलेल्या मांडणीत बिनमोल कामाबाबत तीन गोष्टी येतात: ते मान्य करा, कमी करा, वाटून घ्या. वाटून घेता येत नाही तिथे कमी करणं सरकारच्या आणि गावाच्या हातात आहे. दारात रोज येणारं पाणी, परवडणारा सिलेंडर, दिवसभर चालणारं पाळणाघर, फडाजवळ शौचालय आणि पाळीच्या दिवसांत बिनदंडाची सुट्टी. ग्रामसभेत या मागण्या विसावा म्हणूनच मांडायला हव्यात.

आणि सण. लातूर, धाराशिवकडे मार्गशीर्षात वेळ अमावस्या येते. सगळं गाव शेतात जातं, शहरं ओस पडतात, स्थानिक सुट्टी मिळते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आदल्या रात्रीपासून बायका उभ्या असतात, दोन-तीनला उठून चूल पेटते. शेतात वाढून, आग्रह करून, उरलेलं बांधून, घरी येऊन भांड्यांचा ढीग. मला हा सण फार प्रिय आहे, तो कमी व्हावा असं मुळीच वाटत नाही. या वर्षी एवढंच करून बघा. चार दिवस आधी घरातल्या सगळ्यांना बसवून यादी करा आणि नावं घाला. वाटाणे, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे सोलणं आदल्या दिवशी पुरुषांचं आणि पोरांचं. आंबील त्यांना शिकवा, ताक आणि ज्वारीच्या पिठाला काही फार अक्कल लागत नाही. शेतात जेवायला पहिली पंगत बायकांची. आणि मोठी पातेली तिथेच विहिरीवर घासून घ्यायची, ज्यांनी स्वयंपाक केला नाही त्यांनी.